बांगडीचं वर्तुळ
नात पेन्सिलीला टोक करत होती. त्या लाकडाच्या वासानं आमचा नववीचा अंधारा, ओलसर वर्ग आठवला. वर्तुळात त्रिकोण काढायचा होता. “कंपास दे ना मले,” शेजारची मैत्रीण कुजबुजली. साकोलीहून आणलेला नवाकोरा कंपास माझ्या दप्तरातच होता. “घरीच राह्यला वं,” मी म्हटलं. तिनं हातातली बांगडी काढून वहीवर ठेवली, वर्तुळ गिरवलं आणि आत नीट त्रिकोण काढला. सर म्हणाले, “केंद्र दाखव.” बांगडीनं काढलेल्या वर्तुळात मधोमध कंपासचं टोक टोचल्याची खूण नसते. तिला दाखवता येईना. सरांनी पान फाडलं. दुसऱ्या दिवशी ती आईसोबत धानाच्या रोवणीला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. नातीचं कंपासनं वर्तुळ काढून झालं. मधलं बारीक भोक मी बोटानं चाचपत राहिले.