टाकळ्याचा पाला

आमची विजयमाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. हुशार, कष्टाळू आणि कौतुक केलं की विरघळणारी. हा शेवटचा गुण बरा नव्हे, असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं.

१९७४ साली झाडपाल्याच्या अर्कानं जंतू, बुरशी मरते का, हे तपासायचं काम तिच्याकडे आलं. आमच्या शेजारच्या नागूमावशी चादरींच्या रंगखात्यात कामाला. दिवसभर पाय ओल्यात, त्यामुळं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन पू धरला होता. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, वर टाकळ्याचा पाला वाटून लावणंही. विजयमालानं त्यांच्याच जखमेतला पू घेऊन काचेच्या बशीत जंतू वाढवले. पाला स्पिरिटमध्ये भिजवला, त्या अर्कात टीपकागदाचे तुकडे बुडवले आणि वाळायची वाट न बघता ओलेच बशीत मांडले. दुसऱ्या दिवशी तुकड्यांभोवती जंतूंचा मागमूस नव्हता. विजयमालाचे पाय जमिनीवर ठरेनात.

"मावशी, तुमचा पाला खरा निघाला!"

"मंग ह्या कडू गोळ्या कशाला गिळू गं?" म्हणत मावशींनी गोळ्या मोरीत ओतल्या. विजयमाला समोर उभी राहून हसत होती.

पुढं प्रयोगशाळेच्या सरांनी विचारलं, नुसत्या स्पिरिटचा तुकडा ठेवून पाहिलास का? तिनं पाहिला, तर त्याच्याभोवतीही तसंच स्वच्छ कडं. जंतू स्पिरिटनं मेले होते. पाल्याचं काहीच सिद्ध झालं नव्हतं. पण मावशींना हे सांगायला तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता मावशींची दोन बोटं काळी पडली. ती कापावी लागली.

विजयमालाला घास गिळवेना. मावशी मात्र आल्यागेल्याला पाय दाखवत, "पाला व्हता म्हून दोनच गेली. न्हायतर पाय गेला असता की!" मी विजयमालाला म्हटलं, आता गप्प राहा, सांगून बोटं उगवणार आहेत का?

मग एकदा रंगखात्यातलीच काशम्मा सुजलेला पाय घेऊन मावशींकडे पाला मागायला आली. विजयमाला धावत गेली.

"देऊ नका, मावशी. पाल्यानं जंतू मेले नव्हते. मी चुकले होते."

"तुला कवा कळलं?"

"बोटं कापायच्या आधी."

काशम्मासमोर पसरलेला पाय मावशींनी हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.