चौथ्या लेनमधली हूल

नागपूरला खेळ हिवाळ्यातच. उन्हाळ्यात मैदान पायाला चटके देतं, पावसाळ्यात काळी माती चपला ओढून घेते. म्हणून साऱ्या स्पर्धा थंडीत कोंबायच्या, आणि बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलंही त्याच थंडीत. हे कोणी ठरवलं? विचारलं की सगळे आभाळाकडे बघतात. मुलांना सकाळचं मैदान आणि आम्हा मुलींना ती उठून गेल्यावरचं, हेही असंच कोणी ठरवलेलं नव्हतं! त्यावर मी पत्रक लिहिलं, कॉलेजच्या दारात वाटलं, प्राचार्यांशी भांडले, आणि मैदान मिळवलं. मागणी स्पष्ट असली की बोलणं सोपं असतं.

मी खो-खो खेळायची आणि चारशे मीटर पळायची. दोन्ही शिकवणारे सर एकच. अडचण घरी होती. बाबा सदर भागातल्या एका कचेरीत कारकून. त्यांनी थंडी सुरू होतानाच सांगून टाकलं, "दोन खेळ अन् वरून सायन्स, हे काही जमत नाही. चारशेच्या शर्यतीले मी स्वतः येतो. पहिल्या तिघींत आली तर खेळ चालू. नाही तर दोन्ही बंद, नुसतं कॉलेज."

मुलाला कोणी असं सांगितलं असतं का? पण तेव्हा मी मुकाट्यानं हो म्हटलं, कारण मला वाटत होतं, मी येणारच.

शर्यतीत मला चौथी लेन होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात मी दुसरी होते. मग मागून पावलं ऐकू आली, धप धप, अगदी पाठीशी. पुढचं मला सांगता येत नाही. खांदा खाली गेला, डावा पाय रुतला आणि मी उजवीकडे निसटले. चुन्याच्या फक्कीची रेघ ओलांडून सरळ पाचव्या लेनमध्ये. खो-खोत पाठलाग करणारीचा हात पाठीवर पडणार असला की आम्ही अशीच हूल देतो. इथे मात्र जिला हूल दिली ती पोरगी आपल्या लेनमधून सरळ निघून गेली. पंचांनी लाल झेंडी वर केली. मी बाद.

सर डोक्याला हात लावून हसत होते. "काय हूल होती वं! हीच परवा खो-खोत दिली असती तर मी तुले खांद्यावर घेऊन नाचलो असतो."

बाबा दोरीखालून वाकून आले. "काहून वं, कोण धरून राहिलं होतं तुले?"

"कोणी नाही."

"मंग पळाली कोणापासून?"

प्राचार्यांपुढे तोंड वर करून बोलणारी मी, स्वतःच्या पायांचं उत्तर देऊ शकत नव्हते. याचाच राग आला. धंतोलीतल्या घरापर्यंत बाबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर पायी चालले. मध्येच म्हणाले, "ते तू केलं, का आपोआप झालं?"

"मले नाही माहीत, बाबा."

"माहीत झालं की सांग. मंग ठरवू खेळाचं."

सोमवारी बेडकाचं प्रॅक्टिकल होतं. मेंदू काढलेला बेडूक स्टँडला टांगलेला. मॅडमनी त्याच्या पायाला आम्लात बुडवलेला कागदाचा कपटा लावला. पाय झटकन वर गेला.

"मॅडम, याला कळलं का, स्वतः पाय ओढला ते?"

"मेंदूच नाही, तर कळणार कुठून?"

"मला तर मेंदू आहे. मग मला का नाही कळलं?"

वर्ग खिदळला. शर्यतीची गोष्ट एव्हाना साऱ्या कॉलेजला माहीत होती. मॅडम म्हणाल्या, "हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

"मग कुठे आहे?" मी विचारलं. त्यांनी मला जागेवर बसायला सांगितलं. तो बेडूक पुन्हा पुन्हा पाय ओढत राहिला आणि माझी पोटरी उगाच आवळत राहिली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कळलं?"

"नाही. अन् पळल्याशिवाय, खेळल्याशिवाय, शिकल्याशिवाय कळणारही नाही. म्हणून तिन्ही चालू ठेवा."

बाबा म्हणाले, "हे तू पत्रकातलं बोलून राहिली, का खरं?"

"तेही माहीत झालं की सांगते," मी म्हटलं. सकाळी बाबांनी आपली सायकल माझ्यासाठी ओसरीवरून खाली काढून ठेवली होती, चाकांत हवा भरून. मैदानावर सरांनी विचारलं, "आज काय, खो-खो का पळणं?" मी बुटांची नाडी बांधत बसले, पाय आधी कुठे वळतात याची वाट बघत.