भकास जागेवरचा उपाय

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीतले इलेक्ट्रिशियन काका खांद्यावर कायम फडकं टाकून फिरतात. तक्रारवहीत कुणी नुसतं ‘अंधार आहे’ लिहिलं की ते चिडतात.

“कसला अंधार, ते लिवा की राव. उजेड अंधुक असंल तर दिवा पुसतो. मिणमिणता असंल तर ट्यूब बदलतो. जागाच भकास असंल तर दिव्यानं भागत न्हाई, तिथं माणूस बसवावा लागतो.”

वडील गेल्यावर मी कामावर परतलो. स्टोअरमध्ये मी एकटाच असतो. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका डबा घेऊन समोर येऊन बसले. अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. महिनाभर रोज आले. वडिलांचा विषय एकदाही काढला नाही.

वर सगळ्या ट्यूब लख्ख होत्या, आणि वहीत मी काहीच लिहिलं नव्हतं.