आये कोनी

प्रेमदास राठोडनं मला जितका ताप दिला, तितका माझ्या सासरच्यांनीही दिला नाही. हिंगोलीत बस स्टँडजवळ माझं एसटीडीचं दुकान होतं. दोन हजार तीनच्या सुमारास त्यातच कॉम्प्युटर मांडून मी नेट कॅफे काढला. बाकीची पोरं यायची, चॅटिंग करायची, निघून जायची. प्रेमदास कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसला तो मुळं धरूनच. सेनगाव तालुक्यात गोरेगावजवळ त्याचा तांडा. बीएस्सी झालेला. सकाळी एका क्लासात शिकवायचा आणि दुपारपासून माझं डोकं खायचा.

"काय करून राहिला रे दिवसभर?" मी विचारलं.

"दोन भाषा जोडून राहिलो, शिवकन्याताई."

भाषा म्हणजे मराठी-हिंदी नव्हे. कॉम्प्युटरला काम सांगायच्या दोन भाषा, पर्ल आणि पायथन. एकीत लिहिलेलं काम दुसरीतून वापरता यावं म्हणून मध्ये बसणारं एक मॉड्यूल तो लिहीत होता. नाव ठेवलं ‘लदेणी’. त्याचे खापरपणजे बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव पोचवायचे, ती लदेणी. "माल एकाचा, पोचवायचा दुसऱ्याला. मधल्यानं गोणी फोडायची न्हाई," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आणि एवढी मेहनत करून ते इंटरनेटवर ठेवून देणार. कोणीही घ्या, कोणीही उघडून दुरुस्त करा.

"म्हणजे फुकट?"

"फुकट न्हाई ताई, खुलं."

मी कपाळाला हात लावला. पण त्याचा जीव त्यातच अडकला होता. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला मेलवर कळवलं होतं की लदेणी नीट चालली तर लगेच ये, असा माणूस आम्हाला हवाच आहे. तिकडे तांड्यावर त्याची आई भिकाबाई मुली बघत होती. नवरा गेलेला, प्रेमदास एकुलता एक. पोरगं हिंगोलीतच राहावं, आठ दिवसांनी तोंड दाखवावं, एवढंच तिचं मागणं. लदेणी चालली की पोरगं जाणार, हे तिलाही ठाऊक होतं.

लदेणी वर चढवायची त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी आली तर फोनची लाइन एकच, त्याच लाइनवर नेट. फाइल अर्धी गेली की कोणीतरी फोन करायला हजर. एक बाई लेकीच्या बाळंतपणाची खबर द्यायला आली. प्रेमदासनं हात जोडले, "मावशी, थोडं थांबा ना."

"बाळ थांबलं का रे?" बाईनं रिसीव्हर उचलला आणि नेट तुटलं. मी हसावं की रडावं? शेवटी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी गिऱ्हाइकं परत धाडली, तेव्हा कुठे त्याची लदेणी जगात गेली.

गेली, आणि आठवड्यात ब्राझीलहून मेल आला की तुमचं मॉड्यूल खोटं बोलतं. झालं असं की पर्लकडे सांगायला काहीच नसलं, तरी पायथनकडे एक रिकामा शब्द पोचायचा आणि पायथन त्यालाच माल समजून पुढे चालायचं. प्रेमदासला चूक सापडेना. जेवण सुटलं, दाढी वाढली. मी काही बोलले तर खेकसायचा, माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून!

अशात भिकाबाईचा निरोप आला की रविवारी मुलीकडचे पाव्हणे येतील, लेकाला धाडा. हा पठ्ठ्या जागचा हलेना. "ते आले का तेवढं इचारा. आले तरच जातो." मी तांड्यावरच्या दुकानात फोन लावला, भिकाबाईला बोलावून घेतलं. लाइनवर नुसती खरखर.

"पाव्हणे आले का?" मी ओरडले.

"आये कोनी, बाई, आये कोनी!"

आमच्याकडे ‘कोणी’ला सगळे ‘कोनी’च म्हणतात. आले कोणीतरी! मी त्याला मशीनवरून उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि जीपमध्ये कोंबलं.

दुसऱ्या दिवशी तो धुळीनं माखून आला. "काहून धाडलं मला? कुत्रंबी आलं न्हाई तिथं!"

"अरे, तुझी आईच म्हणाली, आले कोनी!"

"‘आले’ न्हाई ताई, ‘आये’. आये कोनी. आमच्या तांड्याच्या बोलीत त्याचा अर्थ आले न्हाईत!"

मी भांडायला तोंड उघडलं, तर हा हसायलाच लागला. "तिकडून ‘न्हाई’ निघालं, हिकडं ‘कुनीतरी’ होऊन पोचलं. तुमी बराबर माझ्या लदेणीवानीच केलं! गोणी फोडू नये हे खरं, पन रिकामी आहे एवढं तरी मधल्यानं सांगावंच लागंल." आणि बसला मशीनवर. बोलणी खायची मी, आणि अक्कल यायची याला. मला काही त्याचं कौतुक वाटलं नाही.

दुरुस्त केलेली लदेणी चालली. काहीच नाही हे सांगायच्या खुणेला त्यानं नावच ‘कोनी’ दिलं. ते पाव्हणे काही आले नाहीत, आणि उन्हाळ्यात प्रेमदास पुण्याला गेला. कोपरा मोकळा झाला, तर मलाच करमेना. याचाही राग आला.

पहिल्या दिवाळीला तो कामात होता. दुसऱ्या दिवाळीला त्याच्या लदेणीची नवी आवृत्ती निघायची होती. मेल यायचा, "ताई, याडीला सांगा, जमत न्हाई." याडी म्हणजे आई. आणि मी आपली सांगत बसायची. भाऊबीजेला मीच भिकाबाईला फोन लावला. या वेळी लाइन अगदी स्वच्छ होती.

"पोरगं आलं का?"

"आयो कोनी," ती हळूच म्हणाली.

या वेळी मला बरोबर कळलं. त्याच तिरमिरीत मी पुण्याला फोन लावला.

"याडी काय म्हनली?" त्यानं विचारलं.

"आयो कोनी म्हणाली."

याचा अर्थ त्याला मी काय सांगणार? तो म्हणाला, "ताई, तिला सांगा, उद्या निघून राहिलो."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुमची बोली एक आहे ना? मग मला मध्ये कशाला घेता? तूच लाव फोन."