लिंकनच्या गल्लीत शब्बाथची हाक

त्या वर्षी मी देवाशी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. भांडण झालं असतं तर बरं होतं, निदान आवाज तरी चढला असता. पण तसं काही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायची, ओठ हलायचे, आणि मन मात्र पपांच्या औषधांच्या डबीत, मेमरी क्लिनिकच्या पुढच्या अपॉइंटमेंटमध्ये किंवा फोनवरच्या बातम्यांत अडकलेलं असायचं. आई ठाण्यात वारली आणि मी पपांना कायमचं माझ्याकडे इंग्लंडला, मिल्टन कीन्सला आणलं. सहा महिन्यांत डॉक्टरांनी त्यांच्या विसराळूपणाला नाव दिलं. त्या दिवसापासून माझी एकच प्रार्थना होती, ती म्हणजे हे थांबव. ते थांबत नव्हतं. मग ऐकणारा कुणी आहे की नाही, हा प्रश्न मनात घर करून बसला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून लागणाऱ्या शब्बाथच्या विश्रांतीत, घाण्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पपा रेवदंड्याचे. पुढे ठाण्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. शाळेच्या पुस्तकात युरोपातल्या यहुद्यांबद्दल चार ओळी असायच्या, पण पपांची स्वतःची एक वही होती. तिच्यात त्यांनी जुन्या यहुदी वस्त्यांची गावं लिहून ठेवली होती. वर्म्स, श्पायर, त्र्वा, जिरोना, यॉर्क, लिंकन. कुठे एखादं स्नानकुंड उरलंय, कुठे कबरीचे दगड, कुठे नुसतं गल्लीचं नाव. "माणसं गेली, दगड राहिले," ते म्हणायचे. "आपल्याकडे उलटं. दगड फारसे नाहीत, पण माणसांना कुणी हाकललं नाही. आपण आपल्या पायांनी निघालो." त्या वहीतलं एकही गाव त्यांनी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात ते एकाएकी लिंकनचा हट्ट धरून बसले. तिथे चढावरच्या गल्लीत आठशे वर्षांपूर्वीचं एका यहुद्याचं दगडी घर अजून उभं आहे, ते त्यांना बघायचं होतं. नव्या जागी ते गोंधळतील, असं क्लिनिकमधून सांगितलं होतं. माझी भीती मात्र वेगळीच होती. त्या काळात यहुद्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचवत नव्हत्या. घराच्या चौकटीवरचा, धर्मवचन ठेवलेला डबीसारखा मेझूझा मी बाहेरून काढून आत लावला होता आणि गळ्यातली सहा टोकांच्या ताऱ्याची साखळी स्वेटरच्या आत ढकलली होती. लिंकनला कार पार्क केल्यावर मी पपांच्या डोक्यावरच्या किप्पावर, म्हणजे आमच्या त्या छोट्या गोल टोपीवर, एक तपकिरी कॅप चढवली. म्हटलं, "थंडी आहे पपा." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना नावं आठवत नसत, पण माणसाचा चेहरा वाचता येत होता. "मी रेवदंड्यात कधी लपलो नाही, बाय," एवढंच बोलले. कॅप मात्र राहू दिली.

ते घर बघताना पपांचं वय उतरलं. कमानीच्या दाराशी उभं राहून त्यांनी उजव्या बाजूच्या दगडावर, जिथे मेझूझा असला असता तिथे, बोटं टेकवली आणि ओठांना लावली. मला धडा शिकवावा तसं सांगू लागले. इथे खूप यहुदी राहायचे. शेजारच्या जागेत त्यांचं प्रार्थनास्थळ असावं असं म्हणतात. मग एका मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ त्यांच्यावर आला, कितीतरी जण फासावर गेले. आणि शेवटी राजाच्या हुकुमाने सगळ्यांनाच देश सोडावा लागला. सारं अगदी बरोबर, क्रमाने. मला वाटलं, हा माणूस आजारी नाहीच. इतक्यात ते माझ्याकडे वळले आणि साधेपणाने विचारलं, "मग इथली मंडळी परत कधी येणार? आज शुक्रवार ना?"

त्यांना ऊब मिळावी म्हणून मी वरच्या बाजूच्या एका टी-रूममध्ये नेलं, कोपऱ्यात बसवलं आणि टॉयलेटला गेले. तिथे रांग होती. चार मिनिटं, फार तर पाच. परत आले तर खुर्ची रिकामी. टेबलावर त्यांचा फोन होता, अर्धा खाल्लेला स्कोन-पाव होता, आणि व्यवस्थित घडी घालून ठेवलेली ती तपकिरी कॅप होती.

म्हणजे ते किप्पा घालून एकटेच बाहेर पडले होते.

पुढचा सव्वा तास मी कसा काढला ते मला सलग आठवत नाही. त्या रस्त्याचं नावच स्टीप हिल आहे, आणि दगडगोट्यांच्या त्या उतारावर मी दोनदा घसरले. वर कॅथीड्रलपर्यंत गेले, खाली धावले. दुकानांत डोकावून विचारलं. "एल्डर्ली इंडियन जेंटलमन, ग्रे कोट." पुढे "ज्यूइश स्कलकॅप" म्हणायला जीभ वळेना. ते न सांगता पपा कुणाला सापडणार नाहीत हेही कळत होतं. तिसऱ्या दुकानात मी ते मोठ्याने म्हटलं. तिथल्या बाईने लगेच कोट चढवला आणि माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत आली. पण पपा दिसले नाहीत. पोलिसांना फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे प्रश्न विचारत होती आणि मला तिच्या शांतपणाचाच राग येत होता. ते इंग्लिश बोलतात का? मी म्हटलं, चाळीस वर्षं बोलत होते, पण गोंधळले की हल्ली फक्त मराठी उरते. तिने मला 'मराठी'चं स्पेलिंग विचारलं.

शहराच्या तळाला पाण्याचा मोठा तलाव आहे, होड्या लागलेल्या असतात. मी त्याच्या काठाने चालत पाण्याकडे बघत होते. मुलं नुकतीच शाळांतून सुटत होती, साडेतीनलाच उजेड ओसरू लागला होता. एक टोळकं हसत गेलं आणि माझं मन भलभलतं रंगवू लागलं. ज्या गावाने एकदा आमच्या माणसांना फासावर चढवलं, त्या गावात मी माझ्या बापाला आणून सोडलं होतं. आजचं हे गाव किती निरपराध आहे हे मला ठाऊक होतं, मघाचीच ती दुकानातली बाई साक्ष होती. पण भीतीला असला न्याय कळत नाही.

एका बाकाशी थांबले आणि प्रार्थना करायची म्हटलं तर शब्दच येईनात. हिब्रू येईना, मराठी येईना. आमच्या लोकांत अडीअडचणीला एलियाहू हन्नाबीला हाक मारतात. तो पैगंबर मेलाच नाही, अनोळखी माणसाच्या रूपात कुठेही येतो, असं लहानपणी ऐकलेलं. मी त्यावर कधी फार विश्वास ठेवला नव्हता. त्या क्षणी मात्र तोंडातून निघालं, "एलियाहू हन्नाबी, मला नाही सापडत. तू बघ." प्रार्थना कसली ती, हात टेकणंच होतं. गेली दोन वर्षं मी देवाला काय करायचं ते सांगत होते. त्या बाकाशी पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.

फोन लगेच वाजला असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही मी वीस मिनिटं चालत होते. मग पोलिसांचाच फोन आला. एका बाईंनी कळवलंय, त्यांच्या घरी एक वृद्ध गृहस्थ आहेत आणि ते मराठी बोलतात. मला वाटलं, तिने मघाचा शब्द चुकून पुन्हा वाचला. मी म्हटलं, "यस, ही स्पीक्स मराठी." ती म्हणाली, "नो, शी डझ टू." आणि तिने फोन जोडून दिला.

"हॅलो ताई, मी मीनल. तुमचा बाबा माझ्या घरी आहे. ही इज फाइन, ऑनेस्टली. तो चहा पिते. तुम्ही रडू नको ना."

मी पत्ता दोनदा विचारून घेतला आणि धावत सुटले.

लाल विटांच्या घरांची एक साधी गल्ली होती, तलावापासून दहा मिनिटांवर. मीनल पन्नाशीची, हॉस्पिटलमध्ये मिडवाइफ, लेस्टरला जन्मलेली. तिचे आईवडील सांगलीचे. आई गेल्यापासून म्हणे तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी ती कामावर असते. त्या दिवशी सकाळी एका मैत्रिणीने शिफ्ट बदलून मागितली म्हणून ती घरी होती. पपा आत सोफ्यावर बसले होते, गुडघ्यांवर शाल, डोक्यावर किप्पा. मला बघून म्हणाले, "उशीर केलास. सूर्य चाललाय." मला त्यांना मिठी मारायची होती आणि ओरडायचंही होतं. दोन्ही झालं नाही. मी त्यांचे बूट काढले आणि गार पडलेली पावलं हातात धरून बसले.

मग मीनलने सांगितलं. "दार वाजली. मी दार उघडली तर हे उभे. मला म्हणतात, 'शब्बाथ लागतोय, घरात पुरुषमाणूस असेल तर पाठवा, दहा व्हायला हवेत.' मला वाटलं, आय ॲम ड्रीमिंग. आईनंतर कुणी माझ्या दारात मराठी बोललाच नाही."

"दार उघडलं," पपा चहा पिता पिता म्हणाले. "ते दार. नपुंसकलिंग." आणि मीनल हसता हसता रडायला लागली.

'दहा व्हायला हवेत' याचा अर्थ मला ठाऊक होता, तिला नव्हता. तरुणपणी रेवदंड्यात असताना पपा दर शुक्रवारी घरोघर जाऊन प्रार्थनेसाठी पुरुष गोळा करायचे. सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात. आणि ती वर्षं अशी होती की दर महिन्याला एखादं कुटुंब इस्राएलला निघून जायचं. आज या दाराला कुलूप, उद्या त्या. त्या दुपारी लिंकनमध्ये, जिथून सातशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांना घालवून दिलं होतं, तिथे माझे वडील एकेक दार वाजवत मराठीत शब्बाथची हाक देत फिरले होते. शेजाऱ्यांकडून मीनलला नंतर कळलं. त्यांनी आधी सहा दारं वाजवली होती. दोन उघडलीच नाहीत. एका घरातल्या आजोबांनी त्यांना पाणी दिलं आणि काही न समजून हात जोडले. कुणीही त्यांना दुखावलं नव्हतं. सातवं दार मीनलचं.

सूर्य बुडायला काही मिनिटं होती. पपांनी दिवे मागितले. मीनलने देव्हाऱ्यातल्या दोन निरांजनांत नव्या वाती घातल्या आणि मला विचारलं, "हे चालेल का? तुमचा देव रागावणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही रागावणार." द्राक्षरस नव्हता, म्हणून पपांनी तिला कोमट पाण्यात मनुका कुस्करायला लावल्या. कोकणात आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली. मी हातांनी डोळे झाकले आणि आशीर्वचन म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मन दुसरीकडे कुठे नव्हतं. पपांनी पेला धरून पूर्ण किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरची शब्बाथची प्रार्थना, म्हटला, एक शब्द न चुकता. मीनल दारापाशी हात जोडून उभी होती. शेवटी पपांनी आम्हां दोघींकडे बघितलं, बोटांवर मोजलं आणि निःश्वास सोडला. "तीनच," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "असू दे. आलेल्यांना परत पाठवायचं नसतं."

शब्बाथ लागल्यावर प्रवास वर्ज्य, म्हणून पपा गाडीत बसेनात. मीनलने वरची खोली उघडून दिली. रात्री मी कितीतरी वेळ त्यांचा श्वास ऐकत पडले होते. शिफ्ट बदलली नसती तर? ते उजवीकडच्या गल्लीत वळले असते तर? भीती अशी एका रात्रीत जात नाही, माझी अजूनही गेलेली नाही. पण त्या रात्री तिच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. तो एलियाहू होता, योगायोग होता की सांगलीच्या एका आईने लेकीला हट्टाने शिकवलेली मोडकीतोडकी भाषा, हे मला ठरवता येत नाही. ठरवायची गरजही आता वाटत नाही.

पुढच्या महिन्यात मीनल आमच्याकडे आली. आमच्यात संकट टळलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं, आणि एलियाहूचं नाव घेऊन आभार. तिने पोहे कालवले, मी नारळ खवला. पपांनी तिला ओळखलं नाही. लिंकनही त्यांना आठवत नाही, आणि आठवणार नाही.

ते दिवसेंदिवस दूर चालले आहेत. हल्ली मला ते आईच्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायची, मग बाथरूममध्ये जाऊन रडायची. आता ओ देते. हे थांबव, असं मी देवाला म्हणत नाही. मागणं संपलंय असंही नाही, फक्त ते त्याच्यावर सोडलंय. सकाळी पपांच्या उशाशी चहा ठेवते, त्यांना उठवून बसवते, खिडकीचा पडदा सारते आणि हळूच म्हणते, आजचा दिवस दिलास, आम्ही दोघांनी तो घेतला. पपा विचारतात, "कुणाशी बोलतेस?" मी सांगते. ते मान डोलावतात आणि चहात बिस्किट बुडवतात.