मावशीचा नंबर

आक्का मावशी गेली ती आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या घरात, भर दुपारी, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या. मी आत चहा टाकत होते. बाहेर येऊन बघते तर मान कललेली, मांडीवर फोन, आणि उंबऱ्यापाशी तिच्या चपला, नेहमीसारख्या बाहेर तोंड करून ठेवलेल्या. काही आठवडे झाले या गोष्टीला, पण मला अजून तिचा राग येतो. माणसाने निदान मरताना तरी नीट टेकून बसावं की नाही!

टेकून बसणं तिला ठाऊकच नव्हतं. माझ्या आईची ही धाकटी बहीण सोलापूरकडच्या एका गावात दिलेली. काळं रान, विहीर नाही, पावसाळा सरल्यावर जमिनीत जी ओल उरेल तिच्यावर गहू. मूलबाळ नव्हतं. घरात ती, काका आणि चांद्या-हौश्या ही बैलजोडी. लग्नाकार्याला ठाण्याला आली तरी अक्षता पडल्या की हिची निघायची घाई. आई अगदी काकुळतीला यायची, "अगं, एक रात्र तरी राहा!" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "बैलांना पाणी कोण दावणार? तू?" लहानपणी त्या बैलांचा मला असा राग यायचा म्हणून सांगू! मावशी आमची, आणि पहिला मान त्यांचा...

त्यामुळे बैल विकून भाड्याचा ट्रॅक्टर सांगा म्हणून ती काकांच्या हात धुऊन मागे लागली, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. काका काही केल्या ऐकत नव्हते. शेवटी त्यांचेच गुडघे गेले आणि बैल विकावे लागले. त्या दिवशी काका जेवले नाहीत. ही मात्र जेवली, आणि त्याच आठवड्यात पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. "सुटले गं बाई," म्हणाली. नेमके डोंबिवलीहून माझे दीर आलेले. ते हळहळले, "मावशी, बैल गेले म्हणजे खरी शेतीच गेली हो." मावशीने त्यांच्याकडे खालून वर बघितलं. "व्हय का? मग तुमी या की रोज शेण काढाया. मी बसून बगते." आम्ही हसून हसून बेजार.

पण राहिली कुठे? दोन-तीन दिवसांत चपला पुन्हा पायात. बैल घरचे होते. रानाला घात आली, म्हणजे पेरणीजोगी ओल झाली, की त्याच सकाळी पेरणीची पाभर जुंपायची. ट्रॅक्टर पडला परक्याचा. सगळ्या शिवाराची घात एकदमच येते, ट्रॅक्टर मात्र मोजके. मग नंबर लावा, फोन करा, हातापाया पडा, आणि तोवर इकडे रान वाळत चाललेलं. आधी बैलांनी बांधून ठेवली होती, आता त्या मेल्या फोनने.

पुढे काकाही गेले. यंदा तिच्या छातीत पाणी झालं, तेव्हा मी जाऊन तिला जवळजवळ उचलूनच आणली. डॉक्टरांनी प्रवास बंद म्हणून बजावलं. ही दाराजवळ खुर्ची ओढून बसायची आणि ट्रॅक्टरवाल्या बाळूला फोन लावत राहायची. "हौश्या निदान हंबरायचा. ह्यो तर फोनबी उचलंना." शेवटी त्या दुपारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मावशी, एक वर्ष रान पडीक राहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे? चहा घे आणि पड जरा!"

"घात काय तुज्या च्यापर्यंत थांबतीय व्हय?" म्हणाली.

मी तणतणत चहा टाकायला आत गेले...

तिचा फोन मी बंद केला नाही. का कोण जाणे, चार्ज करत राहिले. मध्ये तिकडे पुन्हा पाऊस झाला, पेरण्या लांबल्या, असं कानावर आलं होतं. आणि गेल्या आठवड्यात सकाळी तो फोन वाजला. बाळू होता. "ताई, आक्का गेल्याचं कळलं. पण त्यांचा नंबर मी दुसऱ्या कुणाला दिला न्हाई. उद्या सकाळी लागतोय. पेरायचं का? बियाणं काढून द्याला घरचं कुणीतरी पायजे."

मला नाही म्हणायचं होतं. मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. पण तिच्या घराची किल्ली माझ्याच कपाटात होती, आणि तिच्या कणगीत बियाण्याचा गहू राख लावून ठेवलेला होता, हेही मला माहीत होतं. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं, चांगलं हुंदके देऊन. मग डोळे पुसले आणि बाळूला सांगितलं, "पेरायचं. मी येते."

पिशवीत दोन साड्या कोंबल्या, किल्ली घेतली, चपला घातल्या. आमचे हे स्वयंपाकघरातून भांडं घेऊनच बाहेर आले. "अगं, गाडीला वेळ आहे. आधण ठेवलंय, चहा तरी घेऊन जा."

"घात काय तुमच्या च्यापर्यंत थांबतीय व्हय?" मी म्हटलं, आणि जिना उतरायला लागले.