शीबाईचं पिंप

गल्लीत तिला शीबाई म्हणत. गटार तुंबलं की शी, कोणी पचकन थुंकलं की शी, शेजारणीचं ओलं पोतेरं दारात दिसलं की दोनदा शी. गंमत अशी, की इस्पितळात ती आयाचं काम करी आणि उलट्या, पू, भरलेली भांडी सगळं निमूट उचली. "तिथली घाण आजाराची," ती म्हणे, "इथली आळसाची. तिची मला किळस येते."

यंदा त्या किळसेत भीतीही मिसळली होती. सुनेला गेल्या वर्षी डेंग्यू होऊन गेला होता आणि आता ती पोटुशी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा झाला, आणि दुसऱ्या प्रकारचा असला, तर फार जड जाऊ शकतो. जपा."

जपायचं म्हणजे समोरच्या टायरवाल्याशी भांडायचं, हे शीबाईने तिथल्या तिथे ठरवलं.

"मेल्या, तुझ्या त्या काळ्या ढिगात डासांची बाळंतपणं चाललीत!"

"मग तुम्हीच या की सुईण म्हणून, मावशी."

तिने आरोग्य खात्याचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे एक तपासनीस बाई बॅटरी घेऊन आली. शीबाई कमरेवर हात ठेवून उभी. बाईने टायर उलटेपालटे केले. पत्र्याखाली रचलेले, आतून खडखडीत कोरडे.

"काय मावशी, बाळंतीण सापडली का?" टायरवाला हसला.

"आता तुमचं घर बघू," तपासनीस बाई म्हणाली.

"बघा की! जमिनीवर वाढून घ्या, इतकं लख्ख आहे."

न्हाणीजवळ निळं पिंप होतं, बाहेरून रोज घासलेलं, आरशासारखं. नळाचा काही भरवसा नव्हता, म्हणून शीबाई जुनं पाणी कधीच ओतून देत नसे; नवं आलं की त्यावरच भरायची. पिंपाचा तळ कित्येक दिवसांत कोणी पाहिला नव्हता. फुटक्या झाकणावर जुन्या साडीचा तुकडा सैल पसरलेला.

बाईने तो उचलून उजेड टाकला. पाणी वळवळत होतं. बारीक अळ्या शेपट्या झटकत वर येत, श्वास घेत, पुन्हा खाली बुडत. पाण्याच्या रेषेवर, आतल्या भिंतीला, काळी अंडी मिरपुडीसारखी चिकटली होती.

"पण गटार..." शीबाईने दाराबाहेर बोट दाखवलं.

"हे डास गटारात नाही वाढत. त्यांना असं साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं. आणि चावतात ते दिवसा."

दिवसा. म्हणजे सून खिडकीशी बसते तेव्हा. आणि सकाळी आपण याच पाण्याने चूळ भरली होती. माणसांचा पू निर्विकारपणे पुसणारी शीबाई मोरीत वाकली आणि भडभडून ओकली.

मग तिने पिंपाला खांदा लावला.

"आई, थांबा! नळ कधी येईल सांगता येत नाही!" सून ओरडली.

"न येऊ दे!"

पाणी उन्हातल्या फरशीवर पसरलं. शीबाई कमरेपर्यंत पिंपात शिरली आणि काथ्याने ती मिरपूड खरवडू लागली. एक अळी मनगटाला चिकटली, तशी अंगावर शहारा आला. पण घासणं थांबलं नाही.

नळ आलाच नाही. संध्याकाळी तिने सुनेच्या कपाळाला हात लावला. गार होतं. आजचा दिवस तरी निभावला. मग कळशी घेऊन ती रस्ता ओलांडून गेली.

"माझ्याकडचं पाणी? शी नाही वाटत, मावशी?" टायरवाला म्हणाला.

"वाटते. पण आज माझीच." तिने कळशी खाली ठेवली. "भर. थांब, आधी तुझ्या टाकीचं झाकण उघड. बॅटरी आण."